सोळाशे मीटर, दहा पुलअप आणि नऊ फुटांचा खड्डा: अग्निवीर भरतीच्या ग्राउंडची तयारी

पळायला लागायच्या आधी उंची मोजून घ्या. हसू नका. दरवर्षी एखादा पोरगा असा निघतोच की उन्हाळाभर घाम गाळतो आणि मग कळतं, गडी १६६ सेंटिमीटरच आहे. महाराष्ट्रातल्या पोराला अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी १६८ सेंटिमीटर उंची लागते. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर आणखी ५. क्लार्कच्या जागेला १६२ उंची चालते. वडील फौजेत असतील तर २ सेंटिमीटर सूट आहे, पण तिचा कागद युनिटकडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून वेळेत आणावा लागतो. उंची सकाळी उठल्या-उठल्या मोजा आणि संध्याकाळी पुन्हा मोजा. दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर आखडतो. संध्याकाळीही १६८ भरली तर निर्धास्त राहा.

मग पाय ओला करून फरशीवर ठेवा. तळव्याच्या मधली कमान कोरडी दिसली पाहिजे. सगळा तळवा उमटला तर सपाट पायाची शंका आहे, डॉक्टरला दाखवा. ताठ उभं राहून गुडघे एकमेकांना लागतात का तेही बघा. दंडावर, मानेवर गोंदवून घेतलं असेल तर जाहिरातीतला टॅटूचा नियम आताच वाचा. हे सगळं एका सकाळचं काम आहे, आणि ते झाल्याशिवाय मी कुणाला ग्राउंडवर उभा करत नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. बेळगावला ट्रेनिंग झालं, पुढं पुण्यात पीटीचा कोर्स केला आणि पलटणीत बरीच वर्षं पीटी उस्ताद होतो. पेन्शन आल्यापासून माण तालुक्यात, हायस्कूलच्या मागच्या मैदानात पोरं पळवतो. गावात मला ‘मेजर’ म्हणतात. त्याचा पदाशी काही संबंध नाही, आमच्याकडं शिपाई म्हणून घरी आलेलाही मेजरच असतो. फी घेत नाही. उशिरा येणाऱ्यालाही घेत नाही.

आधी मार्कांचा हिशोब

ग्राउंडचे, म्हणजे शारीरिक चाचणीचे, मार्क १००. त्यातले ६० रनिंगचे, ४० बीमचे, म्हणजे पाइपला लटकून काढायच्या पुलअपचे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर ६०, यालाच पोरं ‘एक्सलंट’ म्हणतात. ५:३१ ते ५:४५ मध्ये आलात तर ४८. पूर्वी इथंच दोरी आडवी लागायची आणि मागचे घरी जायचे. आता आणखी दोन गट केलेत: सहा मिनिटांपर्यंत ३६ आणि सव्वासहापर्यंत २४. बीमवर दहा पुलअप काढले तर ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. सहाच्या खाली नापास. नऊ फुटांचा खड्डा मारणं आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणं, याला मार्क नाहीत, पण जमलं नाही तर बाकीचे शंभर काही कामाचे नाहीत. आकडे बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. चावडीवरच्या माहितीवर जाऊ नका.

हे आकडे मी पोरांना पाठ करायला लावतो, कारण त्यात एक गोष्ट लपली आहे. रनिंगला एक्सलंट हुकलं तर १२ मार्क जातात. बीमवर दहाच्या जागी आठ निघाले तर १३ जातात. दोन पुलअप! आणि तरीही माझ्याकडं येणारा प्रत्येक जण म्हणतो, “मेजर, रनिंग काढून द्या, बीमचं मी बघतो.” त्यानं बीमचं बघितलेलं नसतं. रनिंगला मैदान लागतं, सोबत लागते, पहाटे उठावं लागतं. बीम लिंबाच्या फांदीवरही होतो. म्हणजे सगळ्यात स्वस्तात मिळणारे मार्क पोरं रस्त्यावर टाकून देतात.

दुसरा घोळ वेळेचा. आता ऑनलाइन लेखी परीक्षा आधी असते आणि त्यात निवडलेल्यांनाच रॅलीचं, म्हणजे ग्राउंड घेतात त्या भरती मेळाव्याचं, बोलावणं येतं. त्यामुळं “निकाल लागू दे, मग ग्राउंड बघू” ही भाषा सुरू झाली आहे. निकालानंतर काही आठवडे हातात राहतात. तेवढ्यात पायाला गती येईल, पण दम येणार नाही. दम बनायला चार महिने धरा. फॉर्म भरला त्या दिवशी संध्याकाळी ग्राउंडवर या.

मैदान नीट मोजा

गावात ४०० मीटरचा ट्रॅक कुठला? बरीच पोरं मोटरसायकलच्या काट्यावर दीड-पावणेदोन किलोमीटरचा रस्ता ठरवतात आणि त्यावर ‘पाच-वीस’ लावून खूश होतात. मोबाइलचं ॲपही लहान गोलात चुकतं. त्यापेक्षा मैदानाच्या मधोमध खुंटी ठोका. ताणली न जाणारी बाइंडिंग वायर घ्या, तिचं माप ३१ मीटर ८३ सेंटिमीटर ठेवा, दुसऱ्या टोकाला धरून गोल फिरा आणि फक्की टाकत जा. तो गोल बरोबर २०० मीटरचा होतो. त्याचे आठ राउंड म्हणजे तुमचं सोळाशे. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणते. लहान गोलावर वळण जास्त असतं, म्हणून इथं जो टाइम लागेल त्यापेक्षा रॅलीच्या मोठ्या ट्रॅकवर थोडा कमीच लागतो. एक दिवस डावीकडून पळा, एक दिवस उजवीकडून. नाहीतर एकाच घोट्यावर भार येत राहतो.

पहिला महिना: सावकाश

पहिल्या दिवशी सोळाशे जीव लावून पळा, टाइम वहीत लिहा आणि विसरून जा. पुढचे चार आठवडे घड्याळ खिशात.

या महिन्यात एकच नियम: पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. “काल कुणाचा ट्रॅक्टर पलटी झाला” हे सांगताना मध्येच धाप लागली तर तुम्ही जोरात पळताय. आठवड्यातून चार-पाच दिवस, सुरुवातीला वीस मिनिटं, महिनाअखेरीस चाळीस. ज्याला सलग वीस मिनिटं जमत नाही त्यानं दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, असं करत वेळ भरायचा. रविवारी जरा लांब, पुढच्या महिन्यांत वाढवत आठ-दहा किलोमीटरपर्यंत.

पोरांना हे पटत नाही. सोळाशेसाठी दहा किलोमीटर कशाला? रोज सोळाशे जोरात मारलं की टाइम आपोआप उतरेल, असं त्यांचं गणित असतं. उतरतोही, तीन आठवडे. मग अडकतो ६:०५ ला आणि हलत नाही. साडेपाच मिनिटांच्या पळण्यात शरीराला लागणारी बहुतेक ताकद हवेतून, ऑक्सिजनवर तयार होते. ती वाढवायची तर हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त फेकायची सवय लागावी लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढाव्या लागतात. हे काम बरंचसं सावकाश लांब पळण्यात होतं. रोजच्या जोरामुळं फक्त पाय भरून येतात.

आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पळाली. आणि त्याच प्रकारात पळणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातला, महार रेजिमेंटचा जवान. तो फौजेत गेल्यावर या खेळाकडं वळला, म्हणजे आधी भरती आणि मग धावपटू. आमच्या दुष्काळी पट्ट्यात पळायला कोरडे रस्ते आणि चढ भरपूर आहेत. तेवढं फुकट मिळालंय, ते वापरा.

दुसऱ्या महिन्यापासून वेग

आठवड्यात दोनच दिवस जोराचे. मंगळवार आणि शनिवार म्हणा. मधले दिवस सावकाश पळणं आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. दोनाचे तीन केले की पोरगं लंगडायला लागतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता वाद घालत नाही.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस चढ. सत्तर-ऐंशी मीटरचा चढ, फार उभा नको, गुडघे उचलून जोरात वर, चालत खाली. सहापासून सुरू करून दहापर्यंत. दुसरा दिवस २०० मीटरचे तुकडे: ४० ते ४१ सेकंदांत एक, मग दीड मिनिट चालणं, असे आठ.

तिसऱ्या महिन्यात ४०० मीटरचे तुकडे. साडेपाच मिनिटांत सोळाशे म्हणजे दर ४०० ला साडेब्याऐंशी सेकंद. तेवढ्यातच मारायचं, सत्तरमध्ये मारून फुशारकी नको. सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. दुसऱ्या जोराच्या दिवशी वीस मिनिटं असं पळा की दोन-तीन शब्दच बोलता येतील.

चौथ्या महिन्यात तुकडे आठ, वेळ ८० सेकंद, विश्रांती दीड मिनिट. एखाद्या दिवशी ८०० चे तीन, प्रत्येकी २:४४ च्या आसपास. दर पंधरा दिवसांनी एकदा पूर्ण सोळाशे, घड्याळावर, शक्यतो दहा-पंधरा जणांच्या घोळक्यात. तयारी ५:२० ची करा. रॅलीत गर्दी, झोपमोड आणि धूळ मिळून दहा सेकंद खाऊन टाकतात.

तिसरा राउंड

रॅलीत एका बॅचला शंभर-शंभर, कधी त्याहून जास्त पोरं सोडतात. शिट्टी वाजली की सगळे बैलगाडा सुटल्यासारखे सुटतात. पहिला राउंड, म्हणजे मोठ्या ट्रॅकचे ४०० मीटर, ६८-७० सेकंदांत. दुसरा ८०. तिसऱ्यात पाय शिशाचे होतात, ९५. चौथ्यात पुढच्याची पाठ दिसत राहते आणि ती जवळ येत नाही. वेगवान पोरं नापास होतात ती अशी.

चारही राउंड सारखे ठेवायचे. पहिला ८०-८१, त्याहून जोरात नाही. दुसरा संपताना घड्याळ २:४४ ला पाहिजे, तिसरा संपताना ४:०७ च्या आत. पहिल्या राउंडला पन्नास-साठ जण तुमच्या पुढं असतील, असू द्या. दुसऱ्या राउंडच्या शेवटी ते मागं यायला लागतात. जीव काढायचा तो तिसऱ्या राउंडला, कारण तिथं कुणी ओरडत नाही, शेवट दिसत नाही आणि मन आपोआप ढिलं पडतं. शेवटच्या तीनशे मीटरला दोरी दिसायला लागली की पाय कसेही पळतात.

ही चाल अंगात मुरवायला मी सोपी युक्ती करतो. गोलाच्या कडेला उभा राहून दर ४१ सेकंदांनी शिट्टी वाजवतो. २०० मीटरच्या खुणेवर शिट्टीच्या वेळी पोचायचं. लवकर पोचला तरी शिव्या, उशिरा पोचला तरी शिव्या. महिनाभरात पोरांना घड्याळाशिवाय वेग कळायला लागतो.

आता आतल्या रेषेचं. वळणावर तुम्ही आतल्या कडेपासून फक्त एक मीटर बाहेरून पळालात, तर एका राउंडला सव्वासहा मीटर जास्त पळता. चार राउंडला पंचवीस मीटर. तुमच्या वेगानं ती पाच सेकंदं होतात. ५:२७ चा पोरगा ५:३२ ला येतो आणि बारा मार्क जातात, तेही कुणी तरी बाहेरून ओव्हरटेक करायला सांगितलं म्हणून. ओव्हरटेक सरळ पट्ट्यावर करा, वळणावर पुढच्याच्या मागं चिकटून राहा. सुरुवातीच्या धक्काबुक्कीत मात्र आतली कड धरायचा हट्ट नको. पहिले शंभर मीटर कोपर थोडी बाहेर ठेवून घोळक्याच्या बाजूनं जा, पडलात तर सगळंच संपतं. नंतर आत या.

मुठी आवळू नका. खांदे कानाला लावू नका. श्वास नाकानंच घ्यायचा हे कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं, ते काढून टाका. तोंड आणि नाक दोन्ही उघडं. मागं वळून बघायचं नाही.

नडगी आणि बूट

भरतीची अर्धी पोरं नडगीच्या दुखण्यानं मागं पडतात. कारण बहुतेक वेळा तेच: डांबरी रस्ता, घासलेले बूट आणि एका आठवड्यात दुप्पट पळणं. मातीवर पळा. कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता उत्तम. एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात पळण्याची वेळ दहा टक्क्यांच्या वर वाढवू नका. पोटऱ्यांसाठी रोज पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, वीस-वीसच्या तीन खेपा.

नडगीची सगळी कड दुखत असेल तर आठवडाभर पळणं कमी करा, सायकल मारा, विहिरीत पोहा. पण एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ते हाडाचं दुखणं असू शकतं. तिथं पळणं बंद, सरळ हाडांच्या डॉक्टरकडं. गोळी खाऊन पळालात तर तडा वाढतो आणि मग मेडिकललाही अडचण येते.

बूट महागाचे नकोत, हलके आणि मापाचे हवेत. अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा. काही पोरं रॅलीत अनवाणी पळतात. ज्याला सवय आहे त्यानं पळावं, पण दुसऱ्याचं बघून त्या दिवशी प्रयोग करू नये. नवे बूट तर रॅलीच्या दिवशी मुळीच नाहीत.

बीम

रॅलीतला बीम म्हणजे जाड लोखंडी पाइप. तळहात पुढच्या बाजूला, हात खांद्याहून थोडे रुंद. खाली पूर्ण सरळ हात, वर हनुवटी पाइपच्या वर. पाय झटकून, झोका घेऊन काढलेला धरत नाहीत. घरी अर्धवट वाकलेल्या हातानं बारा काढणारा तिथं सहावर अडकतो. त्यामुळं मोजणी पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. शंका असेल तो पुलअप झालाच नाही.

एकही निघत नसेल तर लटकून सुरुवात करा. नुसतं लटकणं, तीस सेकंदांपासून मिनिटापर्यंत. मग लटकूनच हात न वाकवता खांदे खाली ओढायचे, पाठीचा पंखा कुठं आहे ते तिथं कळतं. तिसरं, दगडावर चढून हनुवटी बीमच्या वर आणायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. दिवसाआड असे पाच-सहा. तीन-चार आठवड्यांत पहिला पुलअप निघतो. निघत नसेल तर वजन बघा, पोटावरचे चार किलो प्रत्येक पुलअपला सोबत वर जातात.

चार-पाच निघायला लागले की एकदम संपेपर्यंत काढायची खोड मोडा. जितके निघतात त्याच्या निम्मे, दिवसातून पाच-सहा वेळा. दूध घालायला जाताना तीन, आल्यावर तीन, जेवणाआधी तीन. अंग थकत नाही आणि आठवड्याला शंभरीच्या आसपास पुलअप होतात. दाराच्या चौकटीला नाही, पडवीच्या वाशाला पाइप बांधा, आणि तो तुमचं वजन पेलतो का हे आधी लटकून बघा. आठवड्यातून एकदाच पूर्ण दम लावून मोजायचे.

आणि आता असली गोष्ट. रॅलीत बीम रनिंगच्या नंतर असतो. तोंडाला फेस आलेला, हात थरथरतात, तळवे घामानं ओले. ताज्या अंगानं दहा काढणाऱ्याचे तिथं सात-आठ निघतात. म्हणून शेवटच्या दीड महिन्यात शनिवारी सोळाशे झालं की दहा मिनिटांत बीमला लागायचं. तयारी तेरा-चौदाची ठेवा, तेव्हा तिथं दहा निघतील. पाइपला हात लावण्याआधी तळव्याला कोरडी माती चोळा. पहिले सहा न थांबता काढा, मग हात सरळ ठेवून लटकून दोन श्वास, सातवा, पुन्हा श्वास. मध्येच हनुवटीवर थांबून राहू नका, ताकद तिथंच जाते.

खड्डा आणि झिगझॅग

नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर. धावत येऊन निरोगी पोराला हे अवघड नाही. अडचण खड्डा बघून पाय आखडतो ही आहे. मैदानात फक्कीच्या दोन रेषा दहा फुटांवर मारा आणि तिथं सवय करा, मग खऱ्या चरावर. बारा-पंधरा पावलांची धाव, शेवटची दोन पावलं जलद, नजर पलीकडच्या काठाच्याही पुढं. काठाकडं बघितलं की पाय काठावरच पडतो. उतरताना गुडघे वाकवा आणि अंग पुढं झोकून द्या, मागं बसू नका. हाच खड्डा पुढं पलटणीच्या टेस्टमध्ये पाठीवर पिठ्ठू आणि हातात रायफल घेऊन मारायचा असतो, तेव्हा आत्ता मोकळ्या अंगानं मारायला कुरकुर नको.

झिगझॅगसाठी बांधकामावरची फळी मागून आणा, विटांवर ठेवा. नजर तीन-चार फूट पुढं, हात बाजूला. बस.

खाणं, आणि इंजेक्शनवाले

भाकरी, डाळ, उसळ, दोन-तीन अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. शाकाहारी असाल तर मटकी-हरभरा आणि दही वाढवा. पावडरच्या डब्यांची गरज नाही. डब्यावर घालायचे पैसे बुटावर घाला. पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, तासभर मोबाइल बघत बसायचं नाही. झोप आठ तास. तंबाखूची पुडी खिशात असेल तर ग्राउंडच्या बाहेर ठेवून या, आणि जाताना ती घेऊ नका.

रॅली जवळ आली की दम वाढवायची गोळी, इंजेक्शन असलं विकणारे फिरायला लागतात. असल्या औषधांवर बंदी आहे, सापडलात तर बाहेर, आणि न सापडताही काळजावर बेततं. भरती करून देतो म्हणणारा दलाल त्याच जातीचा. फौजेच्या भरतीत पैसे देऊन जागा मिळत नाही. आईचं मंगळसूत्र गहाण ठेवायच्या आधी माझ्याकडं या.

मुलींसाठी

मिलिटरी पोलीसमध्ये मुलींची भरती असते. त्यांचं सोळाशे साडेसात मिनिटांत पहिला गट, आठ मिनिटांपर्यंत दुसरा. बीम नाही, त्याऐवजी दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. वर सांगितलेली रनिंगची पद्धत तशीच चालते, आकडे तेवढे बदला: दर ४०० ला ११२ सेकंद. पाळीच्या दिवसांत थकवा असेल तर जोराचा दिवस पुढं ढकला, पळणं बंद करायचं कारण नाही. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्या पोरीला कितीही पळवलं तरी दम येत नाही, आणि आमच्या भागात ते कमी निघणं नवलाचं नाही. एकटीला पहाटे कॅनॉलवर पाठवू नका, दोघी-तिघींचा जथा करा. माझ्या ग्राउंडवर पोरी पोरांबरोबरच पळतात आणि चाल सारखी ठेवणं त्यांना पोरांपेक्षा लवकर जमतं.

शेवटचे पंधरा दिवस

नवीन काही करायचं नाही. पळणं निम्म्यावर आणा, वेग तेवढाच ठेवा. शेवटचं पूर्ण सोळाशे रॅलीच्या आठ-दहा दिवस आधी. त्यानंतर ४०० चे तीन-चार तुकडे, बीम रोज थोडा, शेवटचे दोन दिवस फक्त हलकं पळून अंग मोकळं करायचं.

रॅलीत मध्यरात्रीच बोलावतात आणि पहाटे अंधारात, दिव्यांच्या उजेडात पळवतात, असं बऱ्याचदा होतं. ज्या पोरानं कायम संध्याकाळी पाच वाजता सराव केला, त्याचं अंग पहाटे तीनला झोपलेलं असतं. म्हणून या पंधरवड्यात तीन-चार वेळा रात्री दोनला उठा, दोन केळी खा आणि साडेतीनला पळा. पोट कधी साफ होतं, पाणी किती पचतं, हे तेव्हाच कळतं.

सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा ही सगळी कोल्हापूरच्या भरती कार्यालयाच्या हाताखाली येतात. रॅलीचं ठिकाण मात्र दर वेळी वेगळं असू शकतं, ते ॲडमिट कार्डावर बघा. आदल्या दिवशी दुपारीच पोचा. एसटी स्टँडच्या फरशीवर रात्र काढून पळायचं नाही. गावातली चार पोरं मिळून खोली घ्या, किंवा ओळखीच्याकडं उतरा. रात्री साधा वरणभात. मटणाचा रस्सा भरती झाल्यावर.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत, दोन-दोन झेरॉक्ससह, आणि मूळ कागदांवरचं नाव व जन्मतारीख एकमेकांशी जुळते का हे महिनाभर आधी तपासा. दहावीच्या मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं नाव असेल तर ते तिथं रांगेत दुरुस्त होत नाही.

बॅचची वाट बघत दोन-दोन तास बसवतात. थंडीत बसून अंग गार होतं, त्यामुळं अंगावर जुना स्वेटर ठेवा, टाकून द्यावा लागला तरी चालेल असा. तुमच्या आधीच्या दोन बॅच राहिल्या की उठा, जागच्या जागी पळा, पाय झुलवा, शंभर मीटरच्या आतले दोन-तीन हलके सपाटे मारा. घोटभर पाणी, जास्त नको. लेस दुहेरी गाठीची.

मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, काडी घालू नका. दात साफ करून घ्या. अनफिट दिलं तर रडत बसू नका, मिलिटरी हॉस्पिटलला पुन्हा तपासणीसाठी पाठवतात. मात्र त्या कागदावर किती दिवसांत हजर व्हायचं ते लिहिलेलं असतं. तो कागद हातात घेतल्या-घेतल्या तारीख वाचा, आणि घरी न जाता तिथूनच हॉस्पिटलची वाट विचारा.